झुराकान एजेचं कडं

"कडं काढा, नाही तर खुर्ची सोडा. तिसरा रस्ता मला तरी दिसत नाही." तालाय असानोविचने टेबलावरचा कोरा कागद दोन बोटांनी झुराकान एजेकडे सरकवला. "आणि खुर्चीच सोडायची असेल तर जाण्याआधी यावर खुलासा लिहून द्या. दागिना घालून काम केलं, माझ्या हलगर्जीपणामुळे चूक झाली. खाली सही. सोमवारी सकाळी मला दोन्हीतलं एक पाहिजे."

एजे उभी होती, आमच्याकडे थोरल्या बाईला मानाने एजे म्हणतात, आणि मी बसलो होतो. मला आधी त्याचाच राग आला. तालाय हा आमच्या सारीबेल गावच्या नोंदणी कचेरीचा साहेब, वय वर्षं बत्तीस. एजे त्याच कचेरीत चौतीस वर्षं टाइपिंग करते. म्हणजे या गृहस्थाच्या जन्माचा दाखला तिच्याच हातचा आहे. तू जन्मलास हे जिने सरकारला कळवलं तिला उभी ठेवतोस आणि कॉम्प्युटर दुरुस्त करणाऱ्या मला खुर्ची देतोस. का, तर मी बाहेरचा कंत्राटी, मला चुचकारून गप्प ठेवायचं.

"ते निघत नाही," एजे म्हणाली.

"प्रयत्न केलात का कधी?"

"सासूने घातलंय."

तिच्या दृष्टीने उत्तर पूर्ण झालं होतं. माझ्याही. डाव्या मनगटात दोन बोटं रुंद चांदीचं कडं. लग्न होऊन ती घरात आली त्या दिवशी सासूने ते घातलं आणि म्हणाली, आता या हातचं आम्ही खाऊ. चांदी नसलेल्या हातचं अन्न अंगी लागत नाही, असं आमच्याकडच्या बायका अजून मानतात. कचेरीतला चहा म्हणूनच एजे ओतायची, दुसऱ्या कुणाला केटलीला हात लावू द्यायची नाही. आणि वाटी अर्धीच भरायची. अर्धी वाटी म्हणजे बस, बोल, पुन्हा माग. काठोकाठ भरलेली वाटी हातात आली की शहाण्या माणसाने आपली टोपी उचलावी आणि दाराकडे बघावं. इतक्या वर्षांत एजेने कुणाला भरलेली वाटी दिलेली मी पाहिली नाही. तपासणीला येणाऱ्यांनाही नाही.

"असानोविच," मी म्हणालो, "चूक कड्याची नाही. एजेची तर नाहीच. चूक माझी आहे."

"तुम्ही मध्ये पडू नका, दोलोत बाइके," तो म्हणाला. थोरल्या पुरुषाला बाइके म्हणायची रीत तेवढी त्याने पाळली.

"मध्ये कसला पडतोय, मी मुळाशीच आहे."

त्याने ऐकून घेतलं नाही. तुम्ही तरी ऐका.

सप्टेंबरात वरून आमच्या कचेरीला चार लॅपटॉप आले. कुणीतरी वापरून टाकलेले, बॅटऱ्या मेलेल्या, आत लिनक्स घातलेलं. लिनक्सशी माझं भांडण नाही. सांगाल ते करतं, कुरकुर करत नाही. पण सांगितलं तेवढंच करतं, आणि काही गोष्टी बंद झालं की साफ विसरतं. तालायने लाल फीत कापली, फोटो काढले, जुने टाइपरायटर तळघरात गेले. पोचपावतीवर "सर्व यंत्रे सुस्थितीत" असं छापलेलं होतं, त्याखाली मी सही केली. करायला नको होती.

एजे दहा बोटांनी टाइप करते. डोळे डावीकडच्या कागदावर, बोटं आपल्या कामात. हातांकडे बघणं म्हणजे कच्च्या माणसाचं काम, असं तिच्या शाळेत शिकवलेलं. टाइपरायटरवर ते ठीक होतं, तिथे पुढे नुसती हवा असते. लॅपटॉपवर बटणांच्या पुढ्यात ट्रॅकपॅड असतो, बोट फिरवलं की पडद्यावरचा बाण फिरतो. त्याला बोट काय आणि अंगाला टेकलेली चांदी काय, सारखंच. कडं घासलं की बाण उडायचा, आपटलं की भलत्याच रकान्यात जाऊन बसायचा, आणि एजे कागदाकडे बघत तिथेच पुढचं टाइप करत राहायची.

पहिल्या आठवड्यात तिने चहाच्या खोक्याचा पुठ्ठा कापून ट्रॅकपॅडवर चिकटवला. उत्तम इलाज होता. तालायने तो ओरबाडून काढला, कारण राजधानीतून फोटो काढायला माणसं येणार होती. मी घरचा माउस आणून दिला. तो यादीत नाही म्हणून कपाटात गेला, अजून तिथेच आहे.

मग मी बसून एक कमांड शोधली. ती दिली की टाइप करताना ट्रॅकपॅड झोपतो आणि बोटं थांबल्यावर एका सेकंदाने जागा होतो. एजेला समोर बसवून मुद्दाम कडं घासून टाइप करायला लावलं. बाण जागचा हलला नाही.

"झालं का, एजे?"

"झालं की रे. खुदा तुला सुखात ठेवो."

मी एजेने दिलेली तळलेल्या बोरसोकांची पिशवी उचलली, एक तोंडात टाकलं आणि शीळ घालत घरी गेलो. यंत्र बंद करून पुन्हा चालू करून बघायची तसदी घेतली नाही. माझं दुकान बाजारात, इस्पितळाच्या तारेवर आहे. तिथे वीज जात नाही. कचेरीकडे मात्र धरणात पाणी कमी म्हणून नोव्हेंबरपासून रोज बारा ते दोन वीज बंद. बॅटरी मेलेली, त्यामुळे दिवा गेला की लॅपटॉपही गेला. दोन वाजता चालू केला की माझी कमांड कुठे आणि काय, त्याला काही आठवत नाही. रात्री ते कुणी बंद करत नसे, म्हणून वीज पहिल्यांदा गेली त्या दिवसापर्यंत एजेचं यंत्र सरळ चाललं, आणि त्या दुपारी दोनला पुन्हा बिघडलं. त्याच सकाळी मी फोन करून विचारलं होतं, "चालतंय ना?" तिने सकाळचं सांगितलं, "चालतंय." नंतर मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. वीस वर्षं मी ही कामं करतोय, आणि सुरू होताना काय होतं ते बघितलं नाही. नवशिक्याच्या कानाखाली वाजवली असती मी यासाठी.

एका दुपारी तीन वाजता इसाबाय म्हातारा बायकोच्या मृत्यूचा दाखला घ्यायला आला. उर्कुया आजी चार दिवसांपूर्वी गेली होती. एजेने मृताच्या रकान्यात उर्कुयाचं नाव घातलं, खाली अर्जदाराच्या रकान्यात इसाबायचं घालायला गेली. तेवढ्यात कड्याने वरचं नाव निवडलं, आणि इसाबायचं नाव त्याच्या जागी जाऊन बसलं. दाखल्यावर अर्जदार छापला जात नाही. कागद बाहेर आला, त्यावर इसाबाय मेलेला. तालायने सही केली, शिक्का मारला. म्हाताऱ्याने चष्मा आणला नव्हता, घडी घालून खिशात ठेवला. आठ दिवसांनी त्याचं पेन्शन बंद झालं तेव्हा बोंब उठली.

या सगळ्याचा खुलासा एजेने द्यायचा होता. दीड वर्षाने ती निवृत्त होणार होती. त्या कागदावर सही केली असती तर तिच्या सेवापुस्तकातला शेवटचा शब्द हलगर्जीपणा झाला असता.

"असानोविच," मी पुन्हा म्हणालो, "त्या दाखल्यावर लिंगाच्या रकान्यात काय लिहिलंय ते वाचा जरा."

त्याने वाचलं नाही. त्याला माहीत होतं.

"स्त्री लिहिलंय. नाव इसाबाय, लिंग स्त्री. आणि इसाबाय टेबलाच्या पलीकडे उभा, छातीपर्यंत दाढी. खाली सही कुणाची आहे?"

तालायचे कान लाल झाले. "दिवसाला साठ कागद येतात माझ्याकडे."

"तिच्याकडेही तेच साठ येतात."

"राहू दे, दोलोत," एजे म्हणाली.

"राहू कसं दे? द्या तो कागद, मी लिहितो खुलासा. यंत्र पुन्हा चालू करून न बघता ठीक आहे म्हणून सांगितलं, दोषी मी."

"तुमचा चालत नाही," तालाय म्हणाला. आता त्याचा आवाज शांत होता, आणि त्याने माझं डोकं जास्त फिरलं. "खुलासा कर्मचाऱ्याचा लागतो. तुम्ही कर्मचारी नाही. यंत्रं सुस्थितीत आहेत, पोचपावतीवर तुमचीच सही आहे. यंत्र चांगलं, मग उरलं कोण? एजे, उद्या घरी बसा, विचार करा. सोमवारी या."

एजेने कोरा कागद घेतला, घडी न घालता पिशवीत सरळ ठेवला. चुरगळलेला कागद तिला खपत नाही. बाहेर जाताना तिने खिडकीतली रिकामी केटली उलटी करून ठेवली.

शुक्रवारी सकाळी आठला मी तिच्या रिकाम्या खुर्चीत जाऊन बसलो. रात्रभर दात खाऊन जबडा दुखत होता. बायकोचं चांदीचं कडं मागून आणलं होतं. ते माझ्या मनगटात शिरेना, म्हणून मनगटावर नुसतं ठेवून दोऱ्याने बांधलं. तेवढ्यात इसाबाय आत आला. दाखला दुरुस्त होत नाही तोवर त्याला पेन्शनच्या कचेरीतही जागा नव्हती आणि घरीही करमत नव्हतं.

"अरे वा," माझ्या हाताकडे बघून तो म्हणाला. "या कचेरीचा गुण दिसतोय. मला बाई करून मारलं, तुला जिवंतपणीच केलं."

"बसा, आक्साकाल," म्हाताऱ्या माणसाला म्हणतात तसं मी म्हणालो. "चहा नाहीये आज. ओतणारी घरी आहे."

"मेलेल्याला कशाला चहा." तो शेगडीजवळ बसला, टोपी गुडघ्यावर ठेवली. थोड्या वेळाने म्हणाला, "तिच्यावर रागावू नका म्हणावं तुमच्या साहेबाला. उर्कुयाला मी जन्मभर सांगत होतो, आधी मी जाणार. तिने ऐकलं नाही. कागदावर तरी माझं खरं झालं."

मी मान खाली घालून काम करत राहिलो.

करायचं काय होतं ते मला कळलं होतं. कमांड हाताने द्यायची नाही, यंत्र चालू होताना ते जी कामं आपणहून करतं त्या यादीत ती घालायची. मी घातली. वीज घालवली, परत दिली, यंत्र चालू झालं, कडं घासून टाइप केलं. बाण उडाला. पुन्हा यादी तपासली, एकेक अक्षर बघितलं. सगळं बरोबर. पुन्हा चालू केलं, पुन्हा उडाला. चौथ्यांदा मी टेबलावर मूठ आपटली आणि शाईची बाटली लवंडली.

"काय करतंय ते?" इसाबायने विचारलं.

"सांगितलेलं ऐकत नाही. उठल्याबरोबर पहिलं काम हे कर म्हणून सांगतोय, करतंही, आणि मग विसरतं."

"उठल्याबरोबर?"

"हो."

"उठल्याबरोबर घोड्याच्या पाठीवर खोगीर टाकलंस तर तो अंग झाडणारच. खोगीर खाली. त्याला उभा राहू दे, अंग झाडू दे, मग टाक."

"मला कळतं हो ते," मी खेकसलो. खरं सांगायचं तर नव्हतं कळलं. माझी कमांड पहिल्या क्षणाला जात होती, आणि तिच्यामागून यंत्र स्वतःच्या सवयी अंगावर चढवत होतं, त्यात माझं सगळं झाडलं जात होतं. मी कमांडच्या आधी एक ओळ घातली. पाच सेकंद थांब. बस, एवढंच.

बारा वाजता वीज गेली, ते दोन तास आम्ही अंधारल्या खोलीत बसून काढले. दोनला आली. मी यंत्र चालू केलं आणि दोघं मोठ्याने मोजू लागलो, एक, दोन, तीन, चार, पाच. मग कडं घासत टाइप केलं, उर्कुया, उर्कुया, उर्कुया. बाण खिळा ठोकल्यासारखा जागेवर. सहा वेळा तार उपटली, सहा वेळा लावली. सहाही वेळा तसंच.

"फोन कर तिला," इसाबाय म्हणाला.

मी फोन केला नाही. हे मला आयुष्यभर टोचेल, म्हणून लिहून टाकतो. मला सोमवारी तालायच्या तोंडावर दाखवायचं होतं. एजे येईल, कड्यासकट बसेल, तो उभा राहील, आणि बाण हलणार नाही. मग मी म्हणेन, हा घ्या तुमचा तिसरा रस्ता. दोन दिवस मी ते वाक्य मनात घोळवत होतो. शनिवारी जेवताना बायकोलाही म्हणून दाखवलं. ती म्हणाली, "छान आहे, पण एजेला सांगितलंस का?" मी म्हटलं, सोमवारी कळेलच की.

सोमवारी मी पोचलो तेव्हा एजे खुर्चीत बसलेली होती. केटली शेगडीवर होती, इसाबाय कोपऱ्यात होता, आणि तालाय तिच्या पाठीमागे हात बांधून उभा होता. ती टाइप करत होती, डोळे कागदावर. तिच्या डाव्या मनगटावर दोन बोटं रुंद पांढरा पट्टा होता. लग्नापासून ऊन न लागलेली कातडी, लहान मुलाच्या कातडीसारखी.

"एजे," मी म्हणालो.

"साबण लावून निघेना," ती पडद्याकडे न बघता म्हणाली. "काल सोनाराकडे गेले. कापावं लागलं."

टेबलाच्या कोपऱ्यावर रुमाल होता. त्यात दोन तुकडे. तिचा कोरा कागद त्याखाली होता, अजून कोराच.

"खुलासा लिहिला नाहीस?"

"खोटं कसं लिहू? टाइप करायला बसल्यावर मी आजवर खोटं लिहिलं नाही." तिने ओळ संपवली. "कडं काढणं खोटं नाही. म्हणून ते काढलं."

"बघा," तालाय म्हणाला. त्याला खरंच आनंद झाला होता, तो लपवताही येत नव्हता. "तासभर झाला, एक चूक नाही. मी म्हणत नव्हतो? सगळं त्या कड्यापायी."

माझा संयम सुटला. मी सगळं बोललो. यादी, पाच सेकंद, शुक्रवार, सहा वेळा उपटलेली तार. शुक्रवारपासून यंत्र ठीक आहे, माझ्या बायकोचं कडं आणतो, स्वतःच्या हातात घालून बघा, म्हणालो. माझं ते तिसऱ्या रस्त्याचं वाक्यही म्हणालो. मनातल्या मनात ते जेवढं छान वाटत होतं त्याच्या आणाभरही वाटलं नाही. तालाय खिडकीबाहेर बघत राहिला आणि म्हणाला, "असेल. पण आता मिटलंच ना?"

एजेची बोटं थांबली होती.

"शुक्रवारी?" तिने मला विचारलं.

"शुक्रवारी दुपारी."

"आणि मी रविवारी गेले सोनाराकडे."

"एजे, जोडून मिळेल ते. मी स्वतः घेऊन जातो."

"जोडेल तो. त्यात काय." तिने रुमालाची चार टोकं आत घेतली. "पण घालणार कोण? सासूने घातलं होतं, दोलोत. ती काही आता परत येऊन घालत नाही."

ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने दाखला छापला, हातात घेतला आणि इसाबायसमोर जाऊन सगळा मोठ्याने वाचला. मृत, उर्कुया. लिंग, स्त्री. जन्म, मृत्यू, गाव. म्हातारा प्रत्येक ओळीला मान हलवत होता. शेवटी त्याने कागद घेतला, नावावरून अंगठा फिरवला आणि म्हणाला, "आता खरी गेली."

तालायने उभ्या उभ्याच सही केली. त्याही वेळी वाचलं नाही.

केटली उकळायला लागली. एजे उठली आणि अर्ध्या वाटेत थांबली. आपल्या मनगटाकडे बघितलं, बाही बोटांपर्यंत ओढली.

"दोलोत, आज तू ओत," ती म्हणाली. "माझा हात उघडा आहे."

मी उठणार तोच इसाबायने आपली वाटी तिच्यापुढे धरली. "तूच ओत, पोरी. मी पंधरा दिवस मेलेला माणूस. मला कुठल्याही हातचा गोड लागतो."

तिने बाही मागे सारली, केटली घेतली आणि ओतला. त्याला अर्धी वाटी. मला अर्धी वाटी. माझी देताना तिचा डावा हात उगाच वर झटकला गेला, कडं मागे सारायला जायचा तसा. मी ती वाटी घेतली, ती घेताना मला लाज वाटली.

तालायने सवयीने आपली वाटी पुढे केली. फोनवर काहीतरी वाचत होता तो. एजेने ओतायला सुरुवात केली. अर्धी झाली, ती थांबली नाही. पाऊण झाली. इसाबायने आपली वाटी ओठांपाशी नेलेली तशीच धरली. चहा काठाला आला, काठावर फुगून उभा राहिला, तेव्हा तिने केटली सरळ केली. एक थेंब सांडला नाही.

तालायने वर बघितलं. वाटी हलवली असती तर सांडली असती, म्हणून तो ती तशीच धरून उभा राहिला. एजे आपल्या खुर्चीत जाऊन बसली, नवा कागद डावीकडे ठेवला आणि टाइप करू लागली.